तिसरा घाणा का करपतो?

सोलापुरातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. नाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे. पत्र थोडक्यात असं:

"मी ५६ वर्षांची. आठ वर्षांपासून घरातून नानकटाई, भाजलेले दाणे, शेंगाची चटणी आणि कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. ३० लिटरचा ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन आहे आणि त्यात ठेवायचे अ‍ॅल्युमिनियमचे दोन पत्रे. गिऱ्हाइकाची कधी तक्रार नाही. मागच्या दिवाळीआधी सून पुण्याहून आली, तेव्हा तिनं स्वतःच्या पगारातून स्टोनवेअरची, म्हणजे भाजलेल्या मातीची, दोन भांडी आणली, एक सपाट थाळा आणि एक खोल आयताकृती भांडं. म्हणाली, 'आई, अ‍ॅल्युमिनियम विषारी असतं, ते पत्रे भंगारात घाला आता.' जाऊबाई तिच्याच बाजूनं, म्हणे माती ती माती. मी थाळ्यावर नानकटाई केली. पहिला घाणा पांढराफटक, दुसरा बरा, तिसरा खालून करपला. दोन किलोची ऑर्डर गेली. पुढच्या खेपेला गरम थाळा ओल्या ओट्यावर टेकवला तर टण्ण आवाज झाला आणि कडेपासून मधोमध केसासारखी चीर गेली. थाळा आता कपाटात, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलाय. ऑर्डरी पत्र्यावरच करते, आणि सून येणार म्हटलं की पत्रे पलंगाखाली सरकवते. आता सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला ती येतेय. पत्रे खरंच टाकून द्यायचे का? माझा हात बिघडलाय का? आणि चिरेचं तिला सांगू तरी कसं?"

ताई, पलंगाखालच्या पत्र्यांपाशी आले तेव्हा हसू आलं. पुढच्या ओळीला ते मावळलं. आठ वर्षं ज्यांनी घरात चार पैसे आणले ती भांडी चोरीचा माल असल्यासारखी लपवावी लागणं, यात हसण्यासारखं काही नाही.

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण तिन्हींच्या बुडाशी एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात. ती अशी की दोन भांड्यांपैकी एक बरोबर असणार आणि दुसरं चूक. मग नानकटाई बिघडली म्हणजे एक तर सुनेचा थाळा खोटा, नाही तर तुमचा हात. मला दोन्ही पटत नाही. म्हणून विषाचं आणि सुनेचं थोडं मागे ठेवते आणि आधी त्या तिसऱ्या घाण्याकडे येते, कारण सगळं उत्तर तिथंच आहे.

सोलापुरात उन्हाळे काढलेल्या माणसाला हे समजायला पुस्तक लागत नाही. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी बाराला बसवत नाही. पण रात्री जेवणं उरकून त्याच खोलीत अंथरूण घालता येतं, कारण पत्रा तोवर गार झालेला असतो. जुन्या वाड्यातली जाड दगडी भिंत आणि वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, यांचं उलटं. दुपारी आत गारवा, आणि रात्री अकराला भिंतीला पाठ टेकवली तर भिंत अजून कोमट. अंगणातली शहाबादी फरशी तर दिवेलागणीनंतरही अनवाणी पायाला चटका देते. पत्रा ऊन झटकन घेतो आणि झटकन टाकून देतो. दगड-माती हळू घेते, पोटात साठवते आणि लवकर सोडत नाही.

तुमच्या ओटीजीत हेच चाललंय. उष्णता वाहून नेण्याचे जे आकडे पदार्थविज्ञानात देतात, त्यात शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा २३७ च्या आसपास आहे, स्टेनलेस स्टीलचा १५ च्या आसपास, आणि भाजलेल्या मातीचा जेमतेम १ ते २. म्हणजे पत्र्याच्या एका कोपऱ्याला लागलेली धग काही क्षणांत दुसऱ्या कोपऱ्याला पोचते. थाळ्यात तिला वाट काढत जावं लागतं. गंमत अशी की किलोला किलो तोललं तर उष्णता साठवण्याची ऐपत दोघांची जवळपास सारखीच आहे. थाळ्यात साठा जास्त होतो तो त्याच्या वजनामुळे. तुमचा पत्रा असेल अर्ध्या किलोच्या आत-बाहेर, थाळा सहज त्याच्या चार-पाच पट.

आता तुमचे तीन घाणे बघा. पहिल्या वेळी थाळा गार होता. वरची कॉइल आणि आतली गरम हवा नानकटाईच्या डोक्यावर काम करत होती, बुडाखाली मात्र गार दगड. तुमची नेहमीची अठरा मिनिटं संपली तेव्हा थाळा नुकता कुठं तापायला लागलेला, म्हणून घाणा पांढराफटक. दुसऱ्या घाण्याला थाळा अर्धामुर्धा तापलेला, म्हणून तो योगायोगानं जमला. तिसऱ्याला तो पुरता तापला होता. त्यावर तुम्ही तुपाचे मऊ गोळे ठेवले. तूप कडेनं सुटलं, बूड लगेच धरायला लागलं. आणि खरं नुकसान तर बाहेर काढल्यावर झालं असणार. गरम नानकटाई उचलली तर हातात भुगा होतो, म्हणून आपण ती पत्र्यावरच दहा मिनिटं निवू देतो. पत्र्यावर ती खरंच निवते. थाळ्यावर त्या दहा मिनिटांत ती खालून भाजतच राहते.

तुमच्या हाताला आठ वर्षांत जी मिनिटं पाठ झाली ती पत्र्याची आहेत. हात बिघडलेला नाही.

तेव्हा ऑर्डरीची नानकटाई पत्र्यावरच करा, निःशंक. दोन पत्रे आलटून-पालटून वापरता ते उत्तमच. फक्त तापलेल्या पत्र्यावर पुढचा घाणा मांडू नका, तिथंही तूप आधी सुटतं आणि नानकटाई पसरते. पत्रा पंख्याखाली भिंतीला उभा टेकवला की पाच-सात मिनिटांत हाताला सोसेल इतका निवतो. नळाखाली धरू नका. पत्रा वाकतो हे एक. आणि आपल्याकडं पाणी कुठं रोज येतंय!

जाऊबाईंच्या "माती ती माती" वर मला जरा थांबायचंय, कारण हे वाक्य बऱ्याच घरांत फिरतंय. आपल्या आज्या मातीत रांधायच्या हे खरंच. पण भाकरी कशावर थापून टाकायच्या? लोखंडी नाही तर बिडाच्या तव्यावर. मांडे मात्र खापरावर. दूध मातीच्या मडक्यात, आमटी कल्हई केलेल्या पितळी पातेल्यात, लोणचं चिनीमातीच्या बरणीत. ती वरून तपकिरी आणि खालून पिवळसर-पांढरी बरणी आठवते ना? ती बरणी म्हणजेच स्टोनवेअर. हे पुण्याहून आलेलं नवलाचं भांडं नाही, पिढ्यान्‌पिढ्या आपल्या फडताळात आहे. पण ती बरणी चुलीवर ठेवायचं कुणाच्या मनात आलं नाही. बायकांना ठाऊक होतं कुणाला काय काम द्यायचं.

आणि नानकटाईपुरतं बोलायचं तर तिचं माहेर बेकरी. घरात ओव्हन नव्हते तेव्हा दिवाळीत आम्ही मळलेलं पीठ पितळी डब्यात भरून बेकरीत न्यायचो. नंबर लागेपर्यंत दारात उभं राहायचं, आपलेच गोळे आपल्याला परत मिळताहेत ना यावर डोळा ठेवायचा. त्या भट्टीचा तळ विटा-दगडांचा. लाकडं जाळून तापवायचा, निखारे बाजूला ओढायचे, मग तो तळ तासन्‌तास ऊब देत राहायचा. आणि नानकटाई आत जायची कशावर मांडून? काळ्याकुट्ट पत्र्यावर. उष्णतेची तिजोरी दगडाची होती, उचलायची-ठेवायची ताटली पत्र्याची. दोघांचं भांडण तेव्हा कुणी लावलं नव्हतं.

दाण्यांचंही असंच. चटणीसाठी दाणे पत्र्यावर एकेरी थरात पसरा, १६० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मध्ये दोनदा हलवा. काढल्याबरोबर दुसऱ्या गार ताटात ओता. थाळ्यावर भाजले आणि तसेच ठेवले तर भाजणं थांबत नाही, आणि जास्त भाजलेला दाणा कुटला की तेल सुटतं पण चटणी कडसर लागते. भडभुंज्याकडची कढई आठवा. तो वाळू तापवतो, वाळू दाण्याला चारी बाजूंनी वेढते, आणि फुटला-भाजला की चाळणीनं वाळू वेगळी करतो. वाळूत दाणा विसरून तो चहाला जात नाही. कडक भाकरीला तर दोन्ही नकोत. तव्यावर शेकून झाली की ओव्हनच्या जाळीवर १०० अंशांच्या आसपास नुसती वाळवायची. खाली पत्रा असो की दगड, वाफ खाली कोंडते.

आता चीर. स्टोनवेअर भट्टीत १२०० अंशांच्या वर भाजून काढलेलं असतं. तुमच्या ओटीजीचे अडीचशे अंश त्याला किरकोळ. त्याला उष्णता मारत नाही, उष्णतेतला फरक मारतो. बूड ओल्या ओट्यावर टेकलं, तिथली माती एकदम आकसली. वरची अजून फुगलेलीच. मातीला दाब सोसतो, ओढ सोसत नाही, म्हणून ती तडकली. काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतताना आपण चमचा घालून ठेवतो ते याच भीतीपोटी. पत्र्यालाही हा धक्का बसतो, पण तो लवचिक असल्यानं वाकून मोकळा होतो. ओव्हनमध्ये मधेच ठण्ण असा आवाज येतो तो त्याचाच. आपण दचकतो, पत्रा दोन मिनिटांत सरळ होतो.

मी स्वतः एक खोल भांडं याहून वेडेपणानं घालवलंय. रात्रभर फ्रिजमध्ये असलेली भाजी थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवली. दहा मिनिटांनी दार उघडलं तर भांड्याचे दोन तुकडे, रस्सा खालच्या कॉइलवर, आणि घरभर जळक्या चिंचेचा वास. पाहुणे दारात होते. त्या दिवशी शेंगाची चटणी, दही आणि भाकरीनं लाज राखली.

तर स्टोनवेअर वापरणाऱ्या सगळ्यांनीच एवढं लक्षात ठेवावं. फ्रिजमधून काढलं तर अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या. गरम भांडं ओल्या ओट्यावर, ग्रॅनाइटवर, गार फरशीवर टेकवू नका. खाली कोरडं जाड फडकं किंवा लाकडी पाट हवा. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नका. गॅसच्या ज्योतीवर तर कधीच नको, कारण ज्योत एकाच जागी भाजते. झिलईचं, म्हणजे वरून काचेसारखा चकचकीत थर दिलेलं भांडं रिकामं तापवू नका, तसं चालेल असं सोबतच्या कागदावर लिहिलं असेल तरच तापवा. पिझ्झ्याचा म्हणून जो बिनझिलईचा दगड मिळतो तो वेगळा. तो मुद्दाम रिकामा अर्धा-पाऊण तास तापवायचा असतो. दोघांचे नियम एकमेकांना लावले की घोटाळा होतो. साफसफाईतही तेच. झिलईचं भांडं साबणानं घासलं तरी चालतं, बिनझिलईचा दगड साबण पितो आणि पुढच्या रोटीला त्याचा वास देतो.

तुमच्या चिरलेल्या थाळ्याला मात्र पुन्हा ओव्हनमध्ये घालू नका. चीर केसाएवढी दिसली तरी पुढच्या तापण्यात ती वाढते, आणि तो दुभंगायचा क्षण नेमका तुमच्या हातात असताना येऊ शकतो. चिरेत तूप-पीठ शिरून कुजतं ते वेगळंच. कुंडीखाली ठेवा, नाही तर त्यावर रोज संध्याकाळी गजरा ठेवा. देखणा आहे म्हणता ना.

आता विष. इथं सुनेचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, म्हणून नीट बघू. अ‍ॅल्युमिनियम आंबटात आणि मिठात विरघळतं, हे खरं. टोमॅटो, चिंच, लिंबू, दह्यात मुरवलेलं चिकन हे साध्या अ‍ॅल्युमिनियमवर तासभर तापवलं की थोडं धातू अन्नात उतरतं. पत्रा त्या जागी काळवंडतो, चव जराशी धातूची लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची आठवड्याची सुरक्षित मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅम अशी ठरवली. ६० किलोच्या माणसाला ती १२० मिलिग्रॅम होते. यात अन्नातून, पाण्यातून, भांड्यांतून मिळणारं सगळं आलं. नानकटाईत आंबट काय असतं? मैदा, बेसन, रवा, तूप, पिठीसाखर. कोरडा, तुपाळ पदार्थ, पंधरा-वीस मिनिटांचा सहवास. त्यातून उतरणारं धातू नगण्य. विसरण्याचा आजार या भांड्यांमुळे होतो अशी भीती गेली कित्येक दशकं फिरतेय, पण स्वयंपाकाच्या भांड्यांमुळे तो होतो हे सिद्ध झालेलं नाही.

तरीही तुमच्या किंवा तिच्या मनात शंका राहिली तर पत्र्यावर बेकिंगचा कागद अंथरा. बाजारात बटर पेपर म्हणून जे काय मिळतं ते सगळंच ओव्हनला चालत नाही, पाकिटावर किती अंशांपर्यंत ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचून घ्या. मेणाचा कागद तर नकोच, मेण वितळतं.

आणि "माती म्हणजे शुद्ध" हेही आंधळेपणानं धरू नका. मातीच्या भांड्याचा अन्नाशी संबंध येतो तो झिलईतून. रस्त्याकडेला, जत्रेत मिळणाऱ्या भडक लाल-पिवळ्या-केशरी झिलईच्या भांड्यांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, आणि तेही आंबटातच सुटतं. ती शोभेला ठेवावीत. सुनेनं आणलेल्या भांड्यावर अन्नासाठी आणि ओव्हनसाठी असं छापलेलं असेल तर काळजी नाही. पण बघा, दोन्हीकडं प्रश्न विचारावाच लागतो. एका भांड्याचं नाव ऐकून घाबरायचं आणि दुसऱ्याचं ऐकून निश्चिंत व्हायचं, असं होत नाही.

घरगुती ऑर्डरी घेणाऱ्या बऱ्याच जणी मला पत्र्याचं विचारतात, म्हणून ते इथंच उरकते. ओटीजीबरोबर फुकट येणारा काळा पातळ ट्रे नानकटाईला वापरू नका. काळा रंग धग जास्त ओढून घेतो, बूड लवकर लाल होतं. वापरायचाच झाला तर पंधरा-एक अंश कमी ठेवा. नॉनस्टिकचा असेल तर रिकामा तापवू नका, २६० अंशांच्या वर त्याचा थर खराब व्हायला लागतो. स्टीलचा ट्रे आंबटाला निर्धास्त चालतो, पण स्टील धग सारखी पसरवत नाही, कॉइलच्या वरच्या रांगा आधी लाल होतात. तो मधे एकदा फिरवायचा. सगळ्यांत बरा तो जाडसर, उजळ अ‍ॅल्युमिनियमचा, कडेला आत तार घालून वळवलेला. दुकानात दोन्ही हातांनी कोपरे धरून हलकेच पिळून बघा. पापडासारखा लवला तर ठेवून द्या. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून करून घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा, कूलरला वापरतात तो जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा अन्नाला नको. स्वस्त पडतो म्हणून काही जणी तोच कापून घेतात.

माप आधी घ्या. ओव्हनची आतली लांबी-रुंदी मोजा आणि दोन्हींतून दोन-दोन इंच वजा करा, म्हणजे चारी बाजूंनी इंचभर हवा खेळती राहते. १८ बाय १३ इंचांचा मोठा पत्रा भट्टीवाल्यांचा. तुमच्या ३० लिटरच्या ओव्हनमध्ये तो शिरणार नाही, आणि शिरलाच तर वरची-खालची हवा तोडून टाकेल.

मग सुनेचं दुसरं, ते खोल भांडं? ते शाबूत आहे आणि ते खरं कामाचं आहे. ऑर्डरीला नव्हे, घरच्या जेवणाला. ज्याला हळूहळू, सारखी धग हवी ते सगळं त्यात द्या. दम बिर्याणी, भरली वांगी, चिंच-गुळाचा रस्सा असलेलं काहीही, कारण मातीला आंबटाचं वावडं नाही. भांडं गार ओव्हनमध्ये ठेवून मग बटण फिरवा, नेहमीपेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त धरा. तयार व्हायच्या दहा मिनिटं आधी ओव्हन बंद करा, उरलेलं भांडंच शिजवतं. टेबलावर आणलं की दुसरी वाढ होईपर्यंत वांगी गरम असतात, पत्र्यावरची तोवर गार होऊन तेल धरतात. आणि थंडीत दही लावा त्यात. कोमट पाण्यानं भांडं आधी उबवून घ्या, विरजण लावा, कापडात गुंडाळा. कपाटातल्या त्या चादरीला तरी बरं काम मिळेल.

विजेचाही हिशेब आहे. दीड हजार वॅटचा ओव्हन सलग तापत राहिला तर तासाला दीड युनिट. जाड भांडं तापवायला रोज अर्धा तास जादा म्हणजे नफ्यातून गळती, आणि मे महिन्यात ४४ अंशांच्या दुपारी त्या ओव्हनपाशी अर्धा तास जास्त उभं राहणं ही शिक्षाच. वजनाचंही म्हणाल तर, अडीच किलोचा तापलेला थाळा दिवसातून आठ वेळा उचलणं ५६ व्या वर्षी मनगटाला परवडत नाही. हे कारण सुनेला सांगायला लाज वाटायचं काम नाही.

आता तिच्याकडे येते. तुम्ही लिहिलंय, "तिला वाईट वाटेल." कशाचं वाईट वाटेल, हे तुम्ही तिला विचारलेलं नाही. थाळा तडकल्याचं? की तिनं आल्यावर पलंगाखाली वाकून पाहिलं आणि पत्रे सापडले, तर आपल्या धाकानं सासू भांडी लपवते, याचं? मला विचाराल तर दुसरं जास्त लागेल. तिनं पगारातून पैसे काढले ते तुम्ही रोज त्या पत्र्यांवर उभ्या राहता म्हणून, कुठंतरी काहीतरी वाचून तिच्या पोटात कालवलं म्हणून. तुम्ही ते भांड्यांच्या कौलासारखं घेतलंत. "पत्रे भंगारात घाला" हे बोलणं जरा आगाऊ होतं, मान्य. आठ वर्षांच्या धंद्याबद्दल एका वाक्यात निकाल देऊ नये. पण तुम्हीही तेव्हा "बघू" म्हणून गप्प बसलात, असं पत्रात आहे. त्या "बघू" चा अर्थ तिनं "बरं" असा घेतला असेल तर तिचा दोष किती?

यात्रेची वाट बघू नका. या आठवड्यात फोन करा. ती घरात शिरल्यावर सांगितलं तर कपाट उघडा, थाळा दाखवा, चीर बघा, तिच्या तोंडाकडे बघा, असा सोहळा होतो. फोनवर दोन वाक्यांत सरळ सांगा, "अगं, तो थाळा माझ्याकडून तडकला. गरम होता, ओल्या ओट्यावर ठेवला." "तुझा थाळा टिकला नाही" असं नको, त्यात बोट तिच्याकडे जातं. लगेच पुढं खोल भांड्याचं बोला, त्यात काय केलंत ते सांगा. म्हणजे फोनच्या आधी एकदा त्यात वांगी करावी लागतील, तेवढं करा. नानकटाई पत्र्यावर का करते हे तिनं विचारलं तर तीन घाण्यांची गोष्ट सांगा. ती शिकलेली पोर आहे, पत्रा आणि माळवद म्हटलं की तिला कळेल. विषाचं ती पुन्हा काढेलच, तेव्हा कागद अंथरते म्हणून सांगा. ही माघार नाही. तिच्या मनाला स्वस्थता आणि तुम्हाला पत्रा घासायचं काम कमी.

आणि जाऊबाईंना काही समजावत बसू नका. त्यांच्याकडं लोणच्याची बरणी असेल तर एकदा हात फिरवून या, पुरे.

यात्रेच्या दिवसांत पाच किलोची ऑर्डर आहे असं शेवटी लिहिलंय. दोन पत्र्यांवर ते रात्री बारापर्यंत चालेल. तिसरा पत्रा लागणार, आणि तो सुनेलाच पुण्याहून आणायला सांगा. फोनवर माप नीट लिहून घ्यायला लावा: १३ बाय साडेनऊ इंच, उजळ अ‍ॅल्युमिनियम, काळा थर नको, कडेला तार.